एका खोलीत एकाचीच हवा

मित्रांनो, मी एक जुना गाव आहे. दचकू नका, मी पुठ्ठ्याचा आहे. एका लाकडी फळीवर मी उभा आहे आणि माझी लांबी-रुंदी तुमच्या वर्गातल्या बाकापेक्षा फार मोठी नाही. तरीही गाव तो गावच. माझ्यात गल्ल्या आहेत, जिने आहेत, हवेच्या नळ्या आहेत आणि पुष्कळ खोल्या आहेत. नाही तो फक्त सूर्य. ज्यांनी मला बनवले त्यांनी ठरवून टाकले होते की हा गाव एका दूरच्या चंद्राच्या पोटात वसलेला आहे आणि तिथे ऊन कधी पोचतच नाही. वाचनालयातल्या ज्या कपाटावर सध्या माझा मुक्काम आहे, तिथेही उजेड यथातथाच आहे, त्यामुळे मला नव्याने सवय करून घ्यावी लागली नाही.

माझा जन्म एका चपला-बुटांच्या दुकानामागच्या घरात झाला. दुकान वडिलांचे होते आणि रिकामी खोकी घरात ढिगाने पडलेली असत. घरात मुले दोन, मोठा भाऊ आणि धाकटी बहीण. भावाला आकाशातल्या गोष्टी वाचायचे वेड होते आणि बहिणीला जे दिसेल ते मोजायचे. भावाने खोक्यांवर खोकी रचून माझे मजले केले. बहिणीने काडेपेट्या चिकटवून खोल्या केल्या. आतला खण बाहेर ओढला की खोलीचे दार उघडायचे, आत ढकलला की मिटायचे. कागदी स्ट्रॉ कापून तिने प्रत्येक खोलीत हवेची एकेक नळी आणून सोडली. माणसे आली ती आईच्या बटणांच्या डब्यातून. माझ्या काही भिंतींवर अजूनही बुटांचे नंबर छापलेले दिसतात. ते गल्ल्यांचे क्रमांक आहेत असे भाऊ सांगायचा, आणि मला ते तेव्हाच पटले होते.

आता माझ्या नियमाविषयी सांगतो, कारण पुढचे सगळे रामायण त्या नियमामुळेच झाले. ही दोघे भावंडे एकाच खोलीत झोपत. भाऊ झोपेत बडबडायचा आणि बहिणीची झोपमोड व्हायची. एका सकाळी दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. बहीण तणतणत माझ्यापाशी आली आणि तिने जाहीर केले की या गावात प्रत्येकाला आपापली खोली मिळेल, एका खोलीत एकाचीच हवा असेल, आणि दुसरा कोणी आत घुसला तर तो गुदमरेल. भावाने विचारले, असे का म्हणून? तिने स्ट्रॉकडे बोट दाखवले. एवढ्याशा नळीतून दोघांना पुरेल एवढी हवा येणारच नाही, हे तिचे उत्तर होते. भावाला ते बिनतोड वाटले. त्याने त्यात आपली भर घातली. कामाची पाळी संपली की गल्ल्यांमधली हवा बंद होईल, सगळी दारे आपोआप मिटतील आणि पुढच्या पाळीलाच आपोआप उघडतील. भांडण संध्याकाळपर्यंत मिटले. नियम मात्र माझ्या अंगाला कायमचा चिकटला.

मुले मोठी झाली. सहसा अशा वेळी आमच्यासारख्यांची रवानगी माळ्यावर होते, पण माझे नशीब जोरावर होते. भाऊ विजेचे मीटर वाचण्याच्या नोकरीला लागला. दिवसभर दुसऱ्यांच्या जिन्यांतून, व्हरांड्यांतून हिंडायचा, दारामागची बोलणी कानावर पडायची, आणि सुट्टीच्या सकाळी तो माझ्यासमोर बसून लिहायचा. बहीण पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढू लागली. घरी ती त्याला दादाच म्हणायची, म्हणून मीही त्याला दादा म्हणतो. मला आवाज नाही, पण मनातल्या मनात म्हणायला काय जाते?

दादाची पहिली कादंबरी माझ्यावरच होती. तिच्यात माझ्या एका गल्लीतली माणसे एकामागून एक आजारी पडतात आणि हवेची तपासणी करणारी एक बाई त्याचा छडा लावते. ती तपासनीस बाई म्हणजे आईच्या कोटाचे मोठे काळे बटण. ते बटण दादा बोटाने माझ्या गल्ल्यांतून सरकवायचा आणि बहीण शेजारी बसून हटकायची. इथून तिथवर ती एवढ्या लवकर पोचणार नाही, या जिन्याला वळण आहे, या नळीला इथे झडप हवी. दादा मुकाट्याने पाने फाडायचा आणि पुन्हा लिहायचा. त्या दिवसांत मी खराखुरा गाव होतो. पुस्तक आले, वाचकांनी ते डोक्यावर घेतले. प्रकाशक मला पाहायला मुद्दाम घरी आले आणि वाकून वाकून माझ्या खोल्यांत डोकावले. लोक म्हणत की या गावात राहून आल्यासारखे वाटते. मित्रांनो, मला गर्व झाला होता हे मी नाकारत नाही.

त्या पुस्तकाची प्रुफे तपासायला छापखान्यात एक तरुणी होती. चुका काढणे हे तिचे काम, आणि त्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. दादाच्या प्रुफांवर तिने काने-मात्रे दुरुस्त केलेच, पण एका पानाच्या कडेला पेन्सिलीने विचारले, ‘या बाईला घरी कोणी आहे का?’ दादाला उत्तर सुचेना. ते सांगायला तो छापखान्यात गेला, मग पुन्हा गेला, मग जातच राहिला, आणि वर्षभरात ती तरुणी आमच्या घरी सून म्हणून आली.

बहीण तिला वहिनी म्हणू लागली. वहिनी नणंदेला चेष्टेने जुन्या थाटात वन्सं म्हणायची आणि दोघी एकमेकींना तू म्हणायच्या. माझी तर वहिनीने पहिल्याच दिवशी ओळख काढली. “म्हणजे ही माझी सवत,” ती माझ्याकडे पाहून म्हणाली आणि तिने मला नीट पुसून घेतले. दुकान केव्हाच बंद झाले होते, आईवडील गेले होते. तीन माणसे आणि मी, असे आमचे घर होते. संध्याकाळी हसण्याचा आवाज यायचा. माझ्या आयुष्यातली बरी वर्षे कोणती असे कोणी विचारले तर मी त्याच वर्षांकडे बोट दाखवीन.

मग प्रकाशकांनी दुसरा भाग मागितला. ते म्हणाले की गाव आता वाचकांना पाठ झाला आहे, नळ्या-झडपा पुरे झाल्या, या वेळी त्या बाईचे कोणावर तरी प्रेम बसू द्या. दादाने हे जेवताना घरात सांगितले आणि ताटावरच ठिणगी पडली. वहिनीला ते मनापासून पटले. तिचा पेन्सिलीतला प्रश्न तोच तर होता. बहीण म्हणाली की गावाचे नियम ढिले केले की रहस्यात राम उरत नाही, मग कोणीही कुठेही कसाही मरेल आणि कोणीही मारेल. वहिनी म्हणाली, वाचक काय नळ्यांसाठी रडतात का? त्यावर बहिणीने सुनावले, “नळ्या नसतील तर तुझे प्रेम करणारे गुदमरतील.” वहिनी हसली, पण ताटात भाजी तशीच राहिली.

दादाला भांडणाचे वावडे होते. लहानपणीची भांडणे त्याला पुरली असावीत. त्याने दोन्ही डगरींवर हात ठेवायचे ठरवले. सुट्टीच्या सकाळी तो बहिणीबरोबर माझ्यापाशी बसायचा आणि फक्त गावाविषयी बोलायचा, कुठली झडप कधी मिटते, मीटरमध्ये काय नोंदले जाते, वगैरे. संध्याकाळी तो स्वयंपाकघरात वहिनीला प्रेमाची प्रकरणे वाचून दाखवायचा. भिंत पातळ होती, त्यामुळे मला दोन्हीकडचे ऐकू यायचे. बहीण ती प्रेमाची पाने हातात घेत नसे आणि वहिनी माझ्या नकाशांकडे ढुंकून पाहत नसे. घरात शांतता नांदत होती. अर्धे एकीला ठाऊक, अर्धे दुसरीला, आणि मधे एक दार. मला तेव्हा ते शहाणपणाचेच वाटले होते.

प्रेमाची पाने सुंदर होती, हे मी गाव असूनही सांगतो. तपासनीस बाईला गल्ल्यांतले दिवे दुरुस्त करणारा एक माणूस आवडू लागतो. तो म्हणजे एक पितळी बटण, मागची कडी तुटलेले. एका खोलीत बसणे तर या दोघांना शक्य नाही, एका खोलीत एकाचीच हवा. मग ती दोघे शेजारशेजारच्या खोल्यांत आपापल्या नळीला कान लावून बोलतात. दिवेवाला तिला दिव्यांच्या खोड्या सांगतो. ती त्याला सांगते की आज कुठे कोणाचा श्वास कमी पडला. वाचताना दादाचा आवाज हळू व्हायचा आणि वहिनी भांडी घासायची थांबायची. दिवेवाल्याचे बोलणे थेट दादासारखे होते. तिला ते कळत होते आणि मलाही.

पुस्तकाच्या मध्यावर दिवेवाला मेलेला सापडतो. खोलीचे दार मिटलेले, नळी मोकळी, मीटरवर एका माणसाची पुरेपूर हवा आत गेल्याची नोंद, अंगावर ओरखडा नाही, आणि तरीही माणूस गुदमरून गेलेला. त्याच वेळी तपासनीस बाई तापाने फणफणून एका गल्लीत बेशुद्ध सापडते. बरी झाल्यावर तिला त्या पाळीतले काहीच आठवत नाही. ती उठते आणि आपल्या माणसाचा खुनी शोधू लागते. दादाचे लिखाण इथवर आले होते.

एका दुपारी दादा खोकल्यामुळे घरीच होता. बहीण कार्यालयात, वहिनी छापखान्यात. तो बराच वेळ माझ्यासमोर नुसता बसून राहिला. मग त्याने पितळी बटण त्याच्या खोलीत ठेवले, काळे बटण गल्लीतून सरकवत त्या दाराशी आणले, आणि क्षणभर थांबून त्याच खोलीत ठेवले. काळे नळीच्या तोंडाशी, पितळी दाराला टेकून. खण आत ढकलून त्याने दार मिटले.

“ती तापात त्याच्या दाराशी कोसळली,” तो मलाच सांगत होता. “पाळी संपत होती, गल्लीतली हवा बंद होणार होती. त्यानं तिला आत घेतलं. तिला नळीपाशी झोपवलं आणि स्वतः लांब दारापाशी बसून राहिला. पुढच्या पाळीला दार उघडलं, ती ग्लानीतच बाहेर पडली, सवयीनं दार मागे ओढून घेतलं. खुनी कोणीच नाही. त्या खोलीतला दुसरा श्वास तिचाच होता, आणि हे तिला स्वतःलाच शोधून काढावं लागणार.”

मित्रांनो, माझ्या अंगावर काटा येऊ शकत असता तर आला असता. नणंद-भावजय ज्यावरून भांडत होत्या ती दोन टोके दादाने एका काडेपेटीत आणून ठेवली होती. नियम नसता तर दिवेवाला मेला नसता, आणि प्रेम नसते तर त्याने दार उघडले नसते. दादा खूश होता. हे आधी नीट लिहून काढायचे आणि मग दोघींना एकत्र बसवून वाचून दाखवायचे, तोवर ब्र काढायचा नाही, असे तो स्वतःशी म्हणाला. मग औषध घेऊन झोपला.

ते लिहून झाले नाही. त्याच आठवड्यात कुठल्याशा इमारतीच्या जिन्यात, मीटरच्या पेटीसमोर, दादा छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. घरी निरोप आला तेव्हा वहिनी कांदा चिरत होती. त्यानंतरचे पुष्कळ दिवस मला नीट आठवत नाहीत. माणसे येत होती, जात होती, कोणीतरी माझ्यावर पिशव्या ठेवत होते. रडण्याचे आवाज दोन खोल्यांतून यायचे, एका वेळी एका खोलीतून.

मग बहिणीने मला पुसायला घेतले. तिने एकेक खण उघडून आतली धूळ फुंकली, वाकलेल्या नळ्या सरळ केल्या. दिवेवाल्याची खोली उघडली तर आत दोन बटणे. तिच्या कपाळाला आठी पडली. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या धक्क्याने दुसरे बटण आत पडले असणार, असे तिला वाटले. दादा कितीही बदलला तरी हा नियम मोडणार नाही याची तिला खात्री होती. तिने काळे बटण उचलले, त्याच्या स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवले आणि दार मिटले. तिने ते इतक्या मायेने केले की मला तिच्यावर रागावताही आले नाही. पण मला ओरडावेसे वाटले. त्या दिवशी मला पहिल्यांदा पुठ्ठ्याचा असल्याचे दुःख झाले.

पुढे प्रकाशक आले. त्यांनी सांगितले की वाचक विचारत आहेत, दादाने कागद मागे ठेवले असतील तर शेवट कोणीतरी लिहायला हवा. दोघीही म्हणाल्या, मी लिहिते. आणि मग जे ताटावर अर्धवट राहिले होते ते भांडण पुन्हा पेटले. या वेळी ते मिटवायला दादा नव्हता.

बहिणीला प्रेमाची पाने काढूनच टाकायची होती. ती म्हणाली की दादाने ती प्रकाशकांच्या आग्रहाखातर लिहिली, त्याचे खरे काम म्हणजे हा गाव. वहिनीला गावाचा नियम काढून टाकायचा होता. त्या दोघांना एकदा तरी एका खोलीत बसू दे, दार लावून बसू दे, एवढेच ती म्हणत होती. बहिणीला ते सहन होईना. तो नियम तिने आणि दादाने चड्डी-फ्रॉकच्या वयात केला होता, आणि आता तेवढाच तिच्यापाशी उरला होता. वहिनीला दिवेवाल्याच्या तोंडून नवरा ऐकू येत होता, आणि तेवढाच तिच्यापाशी उरला होता. दोघी भांडत होत्या पुस्तकावरून, पण दादा जास्त कोणाचा, हा खरा तंटा होता. मला ते दिसत होते. त्यांना दिसत नव्हते.

“तुम्हाला माणसं कळत नाहीत वन्सं, नळ्या कळतात,” वहिनी एकदा म्हणाली.

“आणि तुम्ही येण्याआधी तो माझा भाऊ होता,” बहीण म्हणाली.

त्या दिवसापासून दोघींमधले तू गेले आणि तुम्ही आले. एक जण स्वयंपाकघरात जेवायची, दुसरी आपल्या खोलीत. बाहेरून आलेल्याला घरात दोन भाडेकरू राहतात असे वाटले असते.

शेवट दोन लिहिले गेले. बहिणीच्या शेवटात नळी तोडणारा एक चोर होता, पहिल्या पुस्तकातल्यासारखाच. वहिनीच्या शेवटात तपासनीस बाईवर डोळा असलेला एक मत्सरी माणूस दिवेवाल्याला विष देत होता. प्रकाशकांनी दोघींची समजूत काढली, तिचे थोडे घेतले, हिचे थोडे घेतले आणि शिवण घालून पुस्तक छापले. त्यात चोरही होता, विषही होते, आणि दोघे एका खोलीत बसलेले एक प्रकरणही होते. त्यात ते गुदमरले का नाहीत हे कोणी सांगितलेच नव्हते.

पुस्तक आले आणि पडले. लोकांनी पहिल्या भागाच्या प्रेमाखातर विकत घेतले, मग हळूच बाजूला ठेवले. एका वाचकाने प्रकाशकांना कळवले की हे पुस्तक दोन माणसांनी दोन खोल्यांत बसून लिहिल्यासारखे वाटते. प्रकाशकांनी ते बोलता बोलता घरात सांगितले. बहिणीने त्या दिवशी माझ्यावर जुनी चादर टाकली. चादरीखाली मी बराच काळ होतो. माझ्या नळ्या पिवळ्या पडल्या, एका कोपऱ्याला झुरळांनी घर केले. चंद्राच्या पोटातल्या गावात झुरळे, म्हणजे दादाला हसू आले असते.

शेवटी वहिनीने दुसऱ्या गावी, आपल्या भावाजवळ, नोकरी धरली. सामान बांधून झाले. टेम्पो यायचा होता. निघण्यापूर्वी ती पुढच्या खोलीत आली. बहीण खिडकीशी उभी होती. दोघी काही वेळ टेम्पोविषयी, किल्ल्यांविषयी, गॅसच्या नोंदणीविषयी बोलल्या. मग वहिनी ट्रंकेवर बसली आणि म्हणाली की एक गोष्ट मनात राहून गेली आहे.

“त्यानं दिवेवाल्याला का मारलं, ते मला कधी कळलंच नाही. मी त्याला विचारलं होतं. तर म्हणाला, तो मेला नाही गं, त्यानं आपला वाटा दिला. मला वाटलं, लेखकांचं बोलणं. हसून सोडून दिलं.”

बहीण खिडकीपासून वळली. “कसला वाटा?”

“मला काय माहीत? वाटा म्हणाला. तिला ताप होता ना, त्या प्रकरणाच्या वेळचं बोलणं.”

बहिणीने येऊन माझ्यावरची चादर ओढली. धूळ उडाली, दोघी खोकल्या. तिने दिवेवाल्याची खोली उघडली आणि आतल्या एकट्या पितळी बटणाकडे पाहत राहिली. मग ती जमिनीवर बसली.

“इथं दोन बटणं होती, वहिनी,” ती म्हणाली. “तो गेल्यावर मी पुसायला घेतलं तेव्हा. ते काळं मी काढलं. मला वाटलं, चुकून पडलंय.”

वहिनीला पहिल्यांदा कळले नाही. एकाच्या हवेचा नियम तिला ठाऊक होता, पण पाळ्या, नळ्या आणि दारे यांचे गणित कधी कोणी समजावलेच नव्हते. बहिणीने सांगितले, तुटक तुटक, हाताने दाखवत. ही नळी, ही एकाची हवा. इथे गल्लीतली हवा बंद होते. इथे दार मिटते. वहिनी ऐकत ट्रंकेवरून उतरून तिच्याशेजारी येऊन बसली. तिने विचारले, ताप आलेली ती इथे असली तर? बहीण म्हणाली, मग तो इथे, दारापाशी. कोणी सांगायची गरज उरली नाही. दादाने जे एका दुपारी मला सांगितले होते ते त्या दोघींनी अर्धे-अर्धे मिळवून माझ्यासमोर पुरे केले. दोघी एकत्र बसून ऐकणार, असे दादा म्हणाला होता. तशा त्या बसल्या होत्या, फक्त वाचून दाखवायला तो नव्हता.

“म्हणजे ती ज्याला शोधत फिरत होती,” वहिनी म्हणाली, “तो श्वास तिचाच.” आणि तिने तोंडाला पदर लावला.

बहिणीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ती म्हणाली, “तू मला त्याच वेळी का नाही सांगितलंस?”

“तू ती पानं वाचायला तयार होतीस का? आणि तू तरी कुठे मला बटणांचं सांगितलंस?”

बाहेर टेम्पो येऊन उभा राहिला आणि त्याने हॉर्न दिला. बहिणीने विचारले, राहतेस का? वहिनी म्हणाली की भावाला शब्द दिला आहे, नोकरी उद्यापासून आहे, आणि खरे सांगायचे तर या घरात आता तिच्याने राहवणार नाही. तिने काळे बटण स्वतः उचलून नळीच्या तोंडाशी ठेवले. खण बहिणीने ढकलला. मग टेम्पोत सामान चढले आणि घर रिकामे झाले.

बहिणीने प्रकाशकांना खरा शेवट सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, डोळेही पुसले, आणि सांगितले की पहिल्याच प्रती गोदामात पडून आहेत, पुन्हा छापणे होणार नाही. वहिनीचे फोन आधी वारंवार यायचे, मग सणासुदीला, मग कोणाच्या आजारपणात. बहीण निवृत्त होऊन लहान जागेत राहायला गेली तेव्हा तिने मला या वाचनालयाला दिले. देण्याआधी तिने दिवेवाल्याच्या खोलीचे दार डिंकाने चिकटवून टाकले. तुमच्यातले कोणी ते ओढून पाहतात, ग्रंथपाल ओरडतात की जुना गाव आहे, मोडेल. आत काय आहे हे त्यांनाही ठाऊक नाही. दोन बटणे आहेत. माझ्यावरच्या त्या दुसऱ्या कादंबरीचा खरा शेवट एवढ्याच एका प्रतीत आहे आणि तो वाचता येत नाही.

मित्रांनो, त्या दाराला हात लावू नका, एवढे माझ्यासाठी करा. माझी धूळ पुसलीत तर उपकार होतील. मात्र पुसताना काही चुकीच्या जागी दिसले तर लगेच उचलून नीट लावू नका. ज्याने ठेवले त्याला विचारा, आणि तो नसेल तर त्याच्यावर जीव असलेल्या दुसऱ्या माणसाला विचारा. गेलेले माणूस कोणा एकाकडे सबंध राहत नाही. थोडे तुमच्याकडे असते, थोडे पलीकडच्या खोलीत. पलीकडे कोणी एकटे रडत असेल तर जा आणि दार वाजवा. आमच्या गावात ते जमण्यासारखे नव्हते. तुमच्या घरात दोघांना पुरेल एवढी हवा आहे.